गुड फ्रायडेच्या उपासनेला जाताना पोशाख कोणता असावा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सदनिका १०२ (सचिव) :
सर्व सभासदांना नमस्कार. सदनिका ४०२ मधील मावशींनी येत्या गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेसाठी, ज्यांची इच्छा असेल त्या सर्वांना अगत्याने बोलावले आहे. त्यानंतर बऱ्याच जणांनी मला खासगीत एकच प्रश्न विचारला, तो असा की इतक्या गंभीर प्रसंगी कपडे कोणते घालावेत. माझी स्वतःची माहिती फारशी नसल्यामुळे प्रश्न इथेच मांडतो आहे. चर्चा कृपया या विषयापुरतीच ठेवावी. पार्किंगबद्दल आपण सभेत बोलू.

सदनिका २०३ :
मावशी, आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. मी आणि सासूबाई दोघीही येणार आहोत. हा शोकाचा दिवस असल्यामुळे सर्वांनी काळेच कपडे घालायचे असतात, असे मी ऐकले आहे. माझ्याकडे काळी साडी एकच आहे आणि तिला चांगला रुंद जरीचा काठ आहे. ती चालेल, की नवीन घ्यावी लागेल?

सदनिका ४०२ :
नवीन काहीही घेऊ नकोस. काळ्या रंगाची सक्ती नाही. आमच्या कॅथलिक पंथात त्या दिवशी वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूंचा झगासुद्धा काळा नसतो, तो लाल असतो. पूर्वी काळा असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या मोठ्या सभेनंतर, १९७० साली जे सुधारित उपासनाग्रंथ आले, तेव्हापासून लाल रंग आला, कारण तो रक्ताचा आणि हौतात्म्याचा रंग मानला जातो. त्यामुळे बाकांवर बसलेल्या मंडळींनी काळेच नेसावे, असा आग्रह धरण्याला आधार उरत नाही. काळे घालणारे पुष्कळ असतात, विशेषतः वयस्कर बायका, आणि ते शोभतेही. पण राखाडी, गडद निळा, तपकिरी, बाटलीसारखा हिरवा, मळकट पांढरा यांपैकी कोणताही शांत रंग तितकाच योग्य आहे. तुझ्या जरीच्या काळ्या साडीपेक्षा एखादी साधी राखाडी सुती साडी मला अधिक योग्य वाटेल, कारण रुंद जर उजेडात चमकते आणि लक्ष रंगाकडे न जाता चमकण्याकडे जाते.

सदनिका २०३ :
धर्मगुरूंचा झगा लाल असतो, तर मग आम्हीही लाल नेसले तर?

सदनिका ४०२ :
गडद मरून रंगाला कोणी हरकत घेणार नाही. लग्नातला लालभडक शालू मात्र कपाटातच राहू दे.

सदनिका ३०१ :
नमस्कार. मी थोडा वेगळा विचार मांडतो, त्याबद्दल राग नसावा. देवाच्या दारी माणसाचे कपडे पाहिले जातात, ही कल्पनाच मला पटत नाही. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, सोन्याची अंगठी आणि उंची वस्त्रे घालून आलेल्या माणसाला मानाची जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला बाजूला उभे करायचे, या वागण्याची चांगलीच कानउघाडणी केलेली आहे. असे असताना आपण इथे साडीच्या काठाची चर्चा करावी, हे मला जरा विसंगत वाटते. स्वच्छ कपडे घालावेत आणि जावे, एवढे पुरेसे नाही का?

सदनिका ४०२ :
सर, तुमचा संदर्भ अचूक आहे आणि तो आमच्याही लोकांना अधूनमधून ऐकवला पाहिजे, कारण ईस्टरच्या सकाळी काही जण कपडे दाखवायलाच येतात की काय, असे वाटते. परंतु त्या उताऱ्याचा रोख यजमानांवर आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या कपड्यांवरून तोलू नका, असे तो सांगतो. येणाऱ्याने स्वतः काय विचार करून यावे, हा प्रश्न निराळा आहे. त्याविषयी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद १३८७ मध्ये, पवित्र कम्युनियन, म्हणजे अभिषिक्त भाकरीचा प्रसाद, घेताना देहाची ठेवण, हावभाव आणि पोशाख यांतून त्या क्षणाविषयीचा आदर, गांभीर्य आणि आनंद व्यक्त व्हावा, असे म्हटले आहे. त्यात ना किंमत आहे, ना फॅशन. जुनी, धुतलेली, इस्त्री केलेली साडी या कसोटीला पूर्ण उतरते. चमचमणारी नवी कोरी साडी कदाचित उतरणार नाही.

तुमचे “स्वच्छ कपडे पुरेसे” हे म्हणणे मला नव्वद टक्के मान्य आहे. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी त्या दिवशी प्रत्यक्षात काय काय घडते, ते सांगावे लागेल, कारण या उपासनेत शरीराला इतके काम असते की केवळ बसून राहण्याच्या बेताने निवडलेला पोशाख अर्ध्यातच त्रास देऊ लागतो. थोडे सविस्तर लिहिते, सर्वांनी सांभाळून घ्यावे.

गुड फ्रायडेला मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची नेहमीची उपासना, होत नाही. वेदीवर वस्त्र, मेणबत्त्या, क्रूस यांपैकी काहीही नसते. साधारण दुपारी ३ वाजता, येशूच्या मृत्यूची वेळ म्हणून, उपासना सुरू होते. काही ठिकाणी सोयीसाठी ती उशिराही ठेवतात. सुरुवातीला गाणे नाही, अभिवादन नाही. धर्मगुरू शांतपणे आत येतात आणि वेदीसमोर पालथे पडतात किंवा गुडघे टेकतात, आणि सगळी मंडळी जागच्या जागी गुडघ्यांवर येतात. म्हणजे पहिल्याच मिनिटाला तुमच्या पोशाखाची परीक्षा होते. साडी नेसलेल्यांनी गुडघे टेकताना निऱ्या किंचित वर उचलून घ्याव्यात, नाहीतर त्या गुडघ्याखाली दाबल्या जातात आणि उठताना कमरेपासून सुटतात. घट्ट स्कर्ट किंवा घट्ट जीन्स घातलेल्यांना हे करताच येत नाही. गुडघ्यापर्यंतचा झगा उभे असताना अगदी शालीन दिसतो, पण बसताच वर सरकतो आणि गुडघे टेकले की मागून आणखी वर जातो. म्हणून पोटरीच्या मध्यापर्यंत पोहोचेल असा झगा घ्यावा.

यानंतर वाचने होतात. त्यांत योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत, म्हणजे १८ वा आणि १९ वा अध्याय, पूर्ण वाचला किंवा गायला जातो, आणि तो उभे राहून ऐकायचा असतो. येशूने प्राण सोडला, हे वाक्य आले की सर्व जण काही क्षण गुडघे टेकून स्तब्ध राहतात. पुढे दहा मोठ्या प्रार्थना असतात, त्यांतही पुष्कळ ठिकाणी उठणे आणि गुडघे टेकणे चालू राहते. उंच टाचांच्या चपलांचा निर्णय इथेच होऊन जातो. टाच बेताची, तळवा मऊ आणि चालताना आवाज न करणारी चप्पल किंवा बूट सर्वांत उत्तम.

आणि मग क्रुसाची वंदना. झाकलेला क्रूस टप्प्याटप्प्याने उघडा करून दाखवतात, प्रत्येक वेळी मंडळी गुडघे टेकतात, आणि नंतर एकेक जण रांगेने पुढे जाऊन क्रुसापुढे वाकतो, त्याला स्पर्श करतो किंवा त्याचे चुंबन घेतो. या वाकण्याचा विचार घरी आरशासमोर कोणीही करत नाही. उभ्याने व्यवस्थित वाटणारा गळा वाकल्यावर खाली येतो, ओढणी पुढे घसरते, लांब माळ क्रुसावर आपटते, सुटे केस तोंडावर येतात. म्हणून गळा बंद किंवा अगदी बेताचा असावा, पदर आणि ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने पक्की करावी, केस बांधलेले असावेत. तुम्हाला पुढे यायचे की जागेवरच बसून राहायचे, हे सर्वस्वी तुमच्या इच्छेवर आहे. कम्युनियन मात्र फक्त कॅथलिक मंडळी घेतात, तेव्हा त्या रांगेत उभे राहू नये.

सदनिका ५०४ :
काकू, हे सगळे फार उपयोगी आहे. मी नेहमी कुर्ता आणि पलाझो घालते. बाह्या किती लांब हव्यात? आणि डोक्यावर ओढणी घेणे आवश्यक आहे का? जुन्या छायाचित्रांत सर्व स्त्रियांच्या डोक्यावर जाळीदार वस्त्र दिसते.

सदनिका ४०२ :
कुर्ता आणि पलाझो हा गुडघे टेकण्यासाठी साडीपेक्षाही सोयीचा पोशाख आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. बाह्या कोपरापर्यंत असाव्यात. त्याहून लांब असल्या तर अधिकच चांगले. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दारावरही पाळला जातो आणि उघड्या खांद्यांनी आलेल्या पर्यटकांना तिथे परत पाठवतात. फक्त कुर्त्याचे कापड उजेडासमोर धरून पाहा. उन्हाळ्याचे पातळ कापड खोलीत ठीक वाटते, पण खिडकीतून मागून ऊन आले की आरपार दिसते. तेव्हा अस्तर असलेला कुर्ता घे.

डोक्यावरच्या वस्त्राचा नियम खरोखरच होता. १९१७ च्या चर्चच्या कायदासंहितेत, कलम १२६२ मध्ये, पुरुषांनी उघड्या डोक्याने आणि स्त्रियांनी डोके झाकून यावे, असे लिहिलेले होते. १९८३ साली आलेल्या नव्या संहितेत ते कलम नाही. आज काही स्त्रिया आवडीने डोके झाकतात, बहुतेक जणी झाकत नाहीत, आणि दोघींकडे कोणी वळून पाहत नाही. ऑर्थोडॉक्स पंथाच्या चर्चमध्ये जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळ ठिकाणी स्त्रियांनी डोके झाकण्याची अपेक्षा आजही असते. पुरुषांनी मात्र टोपी दारातच काढावी.

सदनिका २०३ :
मावशी, सासूबाई विचारत आहेत की दागिने किती चालतील. त्या हातात काचेच्या बांगड्या भरून घालतात आणि काढायला तयार नाहीत.

सदनिका ४०२ :
त्यांना काढायला सांगू नकोस, रोजच्या वापरातल्या बांगड्यांवर कोणाचाही आक्षेप नसेल. मुद्दा आवाजाचा आहे. गुरुवारच्या मिस्सेतील महिमागीतानंतर चर्चमधील घंटा थांबतात त्या ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरविधीपर्यंत वाजत नाहीत, आणि वाद्येही केवळ गायनाला आधार म्हणून वाजवली जातात. इतकी शांतता असते की हातातली पर्स उघडल्याचा आवाजसुद्धा चार बाकांपर्यंत जातो. म्हणून पैंजण, झुमके, किणकिणणारी कडी आणि सळसळणारे कडक रेशीम त्या दिवशी टाळावे. मणी आणि टिकल्या लावलेले कपडे बाकाच्या लाकडावर घासतात, तोही आवाज होतोच. सासूबाई बांगड्या पदराखाली धरून बसल्या तरी पुरे. त्यांना गुडघे टेकणे जमणार नसेल तर खुशाल बसून राहावे, वयस्कर मंडळी बसलेलीच असतात.

अत्तराबद्दलही सांगून ठेवते. १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांना त्या दिवशी उपवास असतो. गर्दीत, बंद हवेत, रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या माणसाला शेजारचा उग्र सुगंध सहन होत नाही. अत्तर लावूच नये.

सदनिका ३०१ :
मावशी, मी माझे म्हणणे अंशतः मागे घेतो. क्रुसापुढे वाकण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पुरुषांसाठीही काही सांगा, म्हणजे निदान आमची फजिती होणार नाही. मी कोट घालू का?

सदनिका ४०२ :
कोट हवाच असे नाही, सर. पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट आणि सैलसर पॅन्ट, किंवा साधा कुर्ता-पायजमा, इतके पुरेसे आहे. अर्धी चड्डी, चित्रे किंवा मजकूर छापलेला टी-शर्ट आणि खेळाचे भडक बूट टाळावेत. मागच्या बाकावरच्या माणसाला प्रार्थनेच्या वेळी तुमच्या पाठीवरची जाहिरात वाचत बसावे लागते. हाच पाठीचा मुद्दा स्त्रियांच्या ब्लाउजलाही लागू होतो. तिथे पुढून आपल्याला फार थोडे जण पाहतात, मागून मात्र सगळे.

आणखी एक गोष्ट, मोज्यांची. वंदनेच्या वेळी धर्मगुरू स्वतः पुष्कळदा पादत्राणे काढून क्रुसापाशी जातात, आणि काही चर्चमध्ये मंडळीही तसेच करतात. तेव्हा बूट चटकन निघतील असे असावेत, आणि मोजे असे असावेत की ते चारचौघांत दिसले तरी चालतील. आमच्या घरी दर वर्षी याच एका मुद्द्यावर वाद होतो.

सदनिका ५०४ :
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याचे बूट चालताना लुकलुकतात आणि तो दुसरे घालायला तयार नसतो.

सदनिका ४०२ :
लहान मुलांना सूट आहे. पण शिट्टीसारखा आवाज करणारे बूट असतील तर ते नकोत, नुसते लुकलुकणारे चालतील. त्याला सैल, सुती कपडे घाल. दीड-दोन तासांच्या उपासनेत टोचणारी कॉलर हे रडण्याचे पहिले कारण असते.

सदनिका १०२ (सचिव) :
मावशी, मी आणि सदनिका ६०१ मधील दोघे जण कार्यालयातून थेट चर्चला येणार आहोत. बदलायला वेळ मिळणार नाही. आमच्याबरोबर येणाऱ्या सहकारी ताईंचा कार्यालयीन पोशाख बिनबाह्यांचा असतो, असे त्यांनी कळवले आहे.

सदनिका ४०२ :
मग त्यांनी सकाळीच पिशवीत एक गडद, साधी शाल किंवा स्टोल ठेवावा, आणि तो दोन पिनांनी लावावा, कारण नुसता खांद्यावर टाकलेला स्टोल पहिल्यांदा गुडघे टेकतानाच खाली पडतो. माझ्याकडे जास्तीच्या दोन शाली आहेत, त्या मी घेऊन येईन आणि डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी उभी राहीन. तुम्ही सर्वांनी गळ्यातले ओळखपत्र तेवढे काढून खिशात ठेवावे. उशीर झाला तर वाचन चालू असताना मधून चालत पुढे येऊ नका, मागेच उभे राहा. वृत्तांत संपून सगळे खाली बसले की मी तुम्हाला जागा दाखवीन.