तोंड उघडलं की हात थांबतो: गिटार वाजवत गाण्याचे अनुभव

टिळकवाडी, बेळगाव
वय ४३. गेल्या दिवाळीत गिटार घेतली. जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड आता न बघता पडतात. 'डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप' हा तारांवरच्या खाली-वर फटक्यांचा ठेका तर स्कूटरवर सिग्नलला थांबलो तरी मनगटात चालू असतं. गाणंही पाठ आहे, गल्लीच्या गणपतीत आरतीला वरचा आवाज माझाच. पण दोन्ही एकत्र करायला गेलो की पहिली ओळ कशीबशी जाते आणि दुसरीला हात शब्दांच्या मागं लागतो. शब्दात जितकी अक्षरं तितके फटके. स्वर लांबला की हातही वर तसाच लोंबकळत. मुलगी म्हणते, "बाबा, गाणं टाइप करायलास काय?"

आपल्या भागात टाळ कुटत वाढलेली, पेटीवर गाणारी, चर्चमध्ये गिटार ऐकलेली माणसं पुष्कळ. तुमचं कसं जमलं, कुठं अडलं ते लिहा. जमलं नसेल तरी लिहा, मला तेवढाच आधार.

येळ्ळूर
माझं जमलं ते भाकरीमुळं. हसू नका.

आई भाकरी शिकवायची तेव्हा कुणी काही विचारलं आणि मी उत्तर द्यायला गेले की कड फाटायची. आज भाकरी थापत थापत सासूबाईंशी वाद घालते, फोनवर बोलते, पोराचा पाढाही ऐकते. हात आपला फिरत असतो. म्हणून गिटारला गाणं लावायच्या आधी पंधरा दिवस एकच केलं: मालिका लावायची आणि समोर बसून चार कॉर्ड फिरवत राहायचं. मालिकेत काय झालं ते दुसऱ्या दिवशी जावेला सांगता आलं आणि हात चुकला नाही, तेव्हा गायला घेतलं. तेही आधी नुसतं गुणगुणणं, मग 'ला ला', शब्द सगळ्यात शेवटी. शब्द आणले त्या दिवशी ठेका सोडून दिला आणि प्रत्येक कॉर्डला एकच फटका मारला. ऐकायला भिकार, पण गाणं शेवटपर्यंत गेलं.

लोंढा
भाकरीताईंना दुजोरा. लहानपणी आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. शेजारचे काका गोव्याकडचे, निवृत्त झालेले, संध्याकाळी दारात गिटार घेऊन बसायचे. त्यांची परीक्षा एकच. मी वाजवायला लागलो की ते मधेच विचारायचे, "आज घरात भाजी कसली?" मी "दोडका" म्हणालो की हात थांबलेला. "परत." मग "गाडी किती लेट हाय?", "तुझ्या वर्गात पोरं किती?" महिनाभर हेच. गाणं त्यांनी शिकवलंच नाही म्हणा की. ज्या दिवशी मी पटकन हिशोब करून "एकोणचाळीस" म्हणालो आणि हात चालूच राहिला, त्या दिवशी म्हणाले, आता काय पाहिजे ते गा.

एक गोष्ट मात्र त्यांनी डोक्यात बसवली: तार वाजवायची नसली तरी हात वर-खाली जायलाच पाहिजे. झोका रिकामा गेला तरी चालतो, थांबलेला चालत नाही.

उचगाव
आमचं घर वारकरी. तोंडात अभंग, हातात टाळ, पायात पावली, ही तीन कामं सातव्या वर्षापासून एकदम करतोय. वाटलं गिटारचं काय एवढं! सपशेल आपटलो.

टाळ मात्रेवर पडतो, आणि आपण म्हणतोही बरंचसं मात्रेला धरूनच. गिटारचा 'अप' पडतो दोन मात्रांच्या मधे, जिथं माझं तोंड गप्प असतं. हे एक. पण खरी मेख वेगळीच होती आणि ती सापडायला मला चार महिने लागले. भावगीतं बरेचदा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उठतात. आठ मात्रांचा केरवा धरा. शब्द सुरू होतो सातव्या मात्रेला, दोन अक्षरं तिथंच संपतात, आणि सम पडते ती तिसऱ्या अक्षरावर. मी काय करायचो, गायला सुरुवात आणि कॉर्डचा पहिला फटका एकदमच मारायचो. म्हणजे सगळं गाणं दोन मात्रा सरकलेलं. पहिल्या ओळीला कळत नाही, ओळ संपताना मात्र हात आणि तोंड दोन वेगळ्या गावांना पोचलेले.

यात वह्यांचाही दोष आहे. आपण कॉर्ड शब्दाच्या डोक्यावर लिहितो. तो अक्षराच्या डोक्यावर लिहायला पाहिजे. मी सगळी वही परत लिहिली. टाळी देत गाणं म्हणायचं, सम ज्या अक्षरावर येते त्याला लाल पेनानं गोल. आता वाजवताना आधी सहा मात्रा नुसता ठेका, सातव्याला तोंड उघडायचं. गोल आलं की कॉर्ड. तेव्हापासून अडखळलो नाही असं नाही, पण कुठं अडखळलो ते तरी कळतं.

टिळकवाडी (मीच)
उचगावकर, माझं गाणं दादऱ्यात आहे. सहा मात्रा, सहा फटके, डाऊन-अप आलटून पालटून मारतोय. तरी जड जायलंय. का?

उचगाव
तिथं चौथी मात्रा 'अप'वर येते की हो! धा धिं ना, धा तिं ना. चौथीला परत 'धा' आहे, तिथं जोर पाहिजे आणि तुमचा हात तेव्हा खालून वर चाललेला. 'डाऊन-अप-डाऊन, डाऊन-अप-डाऊन' करून बघा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे हात रिकामा वर न्यायचा. दोन दिवस चिडचिड होईल.

निपाणी
सगळे हाताबद्दल बोलतायत. माझा हात ठीक होता, गळा बसत होता. शिकवणारे व्हिडिओ सी कॉर्डमधून, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी एक. माझा सूर काळी चार. पांढरी एकात खाली गेलं की आवाज पुटपुटल्यासारखा, वर घेतलं की किंचाळी. बेसूर गातोय हे कानाला कळतं, मग लक्ष तिकडं जातं आणि हात सुटतो. मला वाटायचं तालाचीच बोंब आहे.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. काळी चार म्हणजे जी शार्प. गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जीच्या घरातले कॉर्ड धरायचे. काळी पाचवाल्यांनी तोच कॅपो तिसऱ्या पट्टीवर न्यावा. काळी एकवाले पुरुष असतील तर पहिल्या पट्टीवर कॅपो आणि सीचे कॉर्ड. आधी पेटीवाल्याला आपला सूर विचारून घ्या, मग गिटारला हात लावा.

खानापूर
पावसाळ्यात कुणी नवीन गाणं बसवायला घेऊ नका. आमच्याकडं जूनपासून लाकूड नुसतं पाणी पितं. गिटारचं पोट फुगतं, तारा पट्ट्यांपासून उचलल्या जातात आणि दाबायला दुप्पट जोर. त्यात एफचा बारे. तर्जनी सहा तारांवर दाबताना दात आवळले जायचे, आणि आवळलेल्या दातांतून सूर कसा निघणार? नवरा आतून ओरडायचा, "पोटात दुखायलंय काय?" शेवटी बारा नंबरच्या जाड तारा काढून दहा नंबरच्या बारीक बसवल्या, केसमध्ये सिलिकाच्या पुड्या टाकल्या. आणि एफ सरळ चार तारांवर धरते. कुणाला कळत नाही.

हुक्केरी
ऑफिसच्या निरोपसमारंभात कन्नड भावगीत म्हटलं. बोलण्यापुरतं कन्नड येतं, कवितेचं नाही. शब्द देवनागरीत मोबाईलवर लिहून स्टँडवर ठेवलेले. दुसऱ्या कडव्यात स्क्रीन विझला. बोट लावायला हात सोडला तर ठेका जाणार, नाही सोडला तर शब्द जाणार. मी हात सोडला नाही. 'ला ला' म्हणत राहिलो आणि समोरच्या सगळ्यांनी पुढचं कडवं स्वतःच म्हटलं. त्यांना तो बेतच वाटला. साहेब नंतर म्हणाले, "चलो माडिदिरी." म्हणजे छान केलंत.

शहापूर
पेटीवर गायला बसून पन्नास वर्षं झाली. बेळगावशेजारच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, आणि त्याच मातीत आता कॉर्डच्या चौकटीत गाणं कोंबणं चाललंय. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, खाली तोच कॉर्ड बडवत राहिलात तर कानाला खुपणारच. लांब स्वराला हात हलका ठेवा, किंवा एकच तार छेडा. बाकी नातू वाजवतो, मी गातो. तो सोपा मार्ग कुणी का सुचवेना?

अनगोळ
वर्ष झालं, नाही जमलं. गिटार कपाटावर. धागा वाचून खाली काढली, दोन तारा गंजल्यात.

टिळकवाडी (मीच)
काल रात्री सहा मात्रा नुसत्या वाजवून मग तोंड उघडलं. ध्रुवपद दोनदा गेलं. मधेच आतून प्रश्न आला, "दूध आणलं काय?" मी गाता गाता मान हलवली, हात चालू राहिला. दूध आणलं नव्हतं. आता अंतऱ्यात एफ आहे. खानापूरच्या ताई, त्या चार तारा कुठल्या ते जरा सांगा.

खानापूर
खालच्या चार. तर्जनी पहिल्या पट्टीत खालच्या बारीक दोन तारांवर आडवी, मधलं बोट दुसऱ्या पट्टीत तिसऱ्या तारेवर, अनामिका तिसऱ्या पट्टीत चौथ्या तारेवर. वरच्या दोन जाड तारांना हात लावू नका. आणि दात सैल सोडा.