मदत हवी आहे: १९४४ सालच्या कथेतलं रिव्हॉल्व्हर – घोडा आणि चाप आतून कसे चालतात?

शाईचा_डाग:
रहस्यकथा मुंबईतली, साल १९४४. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. तीन ठिकाणी अडलंय. तो अंगठ्याने घोडा मागे ओढून समोरच्याला धमकावतो, हे चालेल का? घोडा न ओढता नुसता चाप दाबला तरी गोळी सुटत असेल, तर घोडा ओढायचाच कशाला? आणि झटापटीत हत्यार फरशीवर पडून गोळी सुटते, हे शक्य आहे का? आत नेमकं काय हलतं ते कुणी सांगेल का?

जुनी_कुलुपं:
आधी शब्द. बोटाने दाबतात तो चाप, मागे उठून पुढे आपटतो तो घोडा. बातम्यांत 'घोडा दाबला' सर्रास छापून येतं. तुमच्या कथेत ते नको, कारण सगळा प्रसंग या दोघांच्या फरकावर उभा आहे.

आता मॉडेल ठरवा. अधिकाऱ्याकडे एनफील्ड नंबर २ मार्क १ स्टार असेल तर पहिला प्रसंग बाद. १९३८ पासूनच्या या प्रकारात घोड्याचं शेपूटच नाही, अंगठा टेकवायला जागा नाही. रणगाड्यातल्या सैनिकांचं हत्यार आत-बाहेर करताना अडकायचं, म्हणून ते काढलं. घोडा उभा धरून ठेवणारी खाचही त्यात नाही. धमकीचा प्रसंग ठेवायचाच असेल तर स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी' द्या. युद्धात ही अमेरिकन रिव्हॉल्व्हरं ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांना मोठ्या संख्येने मिळाली होती.

व्हिक्टरीच्या आत बघू. घोड्याच्या पुढच्या अंगाला एक छोटी, बिजागरीसारखी हलणारी जीभ असते. नुसता चाप दाबला की चापाचं नाक त्या जिभेला खालून उचलतं आणि घोडा मागे जातो. त्याच वेळी चापाला जोडलेला पंजा सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या) मागच्या दातेरी चकतीला ढकलतो. सिलिंडर फिरण्याआधी खालची खिटी त्याच्या खाचेतून उतरते आणि ६० अंश फिरून झालं की पुढच्या खाचेत बसते. सहा घरं, म्हणून ६० अंश. नंतर चाप घोड्यावरून निसटतो, पट्टीची स्प्रिंग घोड्याला पुढे हाणते आणि त्याच्या नाकावरची पिन काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या भागावर, बसते. स्प्रिंग दाबणं, सिलिंडर फिरवणं, घोडा सोडणं ही तिन्ही कामं एकाच बोटाची. म्हणून चाप जड, साधारण पाच किलोंच्या आसपास, आणि लांबलचक.

अंगठ्याने घोडा ओढला की हेच काम अंगठा करतो. घोड्यासोबत चापही मागे सरकतो आणि त्याची धार घोड्याच्या बुडाशी असलेल्या बारीक खाचेत अडकते. आता बोटाने ती धार खाचेतून सोडवायची एवढंच उरतं. दीड-दोन किलो जोर आणि जेमतेम हालचाल. नेम हलत नाही, म्हणून घोडा ओढतात. तुमच्या धमकीत खरी भीती इथे आहे: हात थरथरला तरी गोळी सुटेल.

शाईचा_डाग:
फार उपयोग झाला. आवाज 'खट-खट-खट-खट' असा चारदा लिहिलाय, तो राहू द्यावा का?

नेमबाज:
चार खटके १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचे. सुरक्षेची खाच, अर्ध्यावर ओढलेला घोडा, सिलिंडरवर पडणारी खिटी आणि पूर्ण ओढलेला घोडा, असे ते चार. त्यात पंजा चापाला नसून घोड्याला जोडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी घोडा ओढावाच लागतो. व्हिक्टरीत एवढे खटके नसतात. खिटी बसल्याचा एक, घोडा अडकल्याचा दुसरा, तेही जवळजवळ एकत्र. 'खट्क' पुरे.

पडण्याचा प्रसंग १९४४ मध्ये नुसता शक्य नाही, नेमका बसतो. गोळी झाडून चाप सोडला की आतला सरकता ठोकळा घोड्याला थोडा मागे उचलून धरतो. पण घोड्यावर जोराचा मार बसला की तेवढं पुरत नाही. त्याच वर्षी अमेरिकन नौदलात एक व्हिक्टरी लोखंडी डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा आणि चौकटीच्या मध्ये येणारी वेगळी पट्टी बसवली. चाप पूर्ण मागे जाईपर्यंत ती बाजूला होत नाही. तुमच्या हत्यारात ही पट्टी नको. ते पडताना घोड्यावर पडू द्या, आणि घोड्यासमोरच्या घरात काडतूस असू द्या. नळीवर किंवा मुठीवर पडलं तर प्रसंग पटणार नाही.

एनफील्डच ठेवायचं ठरलं तर मार्क १ टू स्टार घ्या. १९४२ मध्ये घाईत बनवताना त्यातला घोडा अडवणारा भाग गाळला होता. पुढे अशी बरीच हत्यारं परत घेऊन तो भाग बसवावा लागला.

जुनी_कुलुपं:
कथांमध्ये हमखास होणाऱ्या आणखी चुका. या रिव्हॉल्व्हरांना बोटाने सरकवायचा 'सेफ्टी कॅच' नसतो. झाडल्यावर पुंगळ्या उडून फरशीवर पडत नाहीत, सिलिंडरमध्येच राहतात; त्यामुळे पोलिसांना जागेवर पुंगळी सापडायला नको. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा दाबला की पुढचं घर येतं. पण घाबरलेला माणूस चाप पुरता सोडत नाही. तो पूर्ण पुढे आला नाही, तर पुढच्या दाबात घोडा उचललाच जात नाही. झटापटीत हत्यार ऐनवेळी दगा देणार असेल, तर हे कारण वापरा. बिघाड दाखवायची गरज पडणार नाही.

शाईचा_डाग:
व्हिक्टरी ठेवतो, आणि पंचनाम्यातली पुंगळी आजच खोडतो. दोघांचे मनापासून आभार.