शब्दचर्चा : प्लाझ्माच्या काठावरील उद्रेकांचे ‘शमन’ की ‘दमन’?

विचारणा :
नागपुरातील एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही संलयन-ऊर्जेवरील मराठी फलक तयार करीत आहोत. टोकामॅक या वळ्याच्या आकाराच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, असतो; त्याच्या बाहेरच्या थरात दाब साचून जे झटके बसतात आणि ज्यांना या क्षेत्रातील मंडळी ‘एल्म’ म्हणतात, ते वेगळ्या वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने कसे आवरतात, हे एका परिच्छेदात सांगायचे आहे. मसुद्यात ‘धारेवरील अस्थिरतांचे अनुस्पंदी क्षोभांद्वारे नियंत्रण’ असा मथळा आला आहे. तो व्याकरणाला धरून असला, तरी अकरावीतल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागणार नाही. ‘धार’, ‘अनुस्पंदी’ आणि ‘नियंत्रण’ या तिन्ही शब्दांविषयी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर :
‘धार’ आधी काढून टाकावी. धार सुरीला असते. लुगड्याला, नदीला, भांड्याला असतो तो काठ, आणि काठाला थोडीफार रुंदी असते. येथे ती रुंदीच महत्त्वाची आहे. १९८२ साली जर्मनीतील गार्चिंग येथे ॲसडेक्स या यंत्रावर प्लाझ्माची ‘एच-मोड’ ही अवस्था प्रथम आढळली. तीत ऊर्जा अधिक चांगली कोंडली जाते, कारण काठाच्या अवघ्या काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात दाबाचा उभा चढ तयार होतो. हा चढ आणि त्यामुळेच काठात वाहू लागणारा विद्युत्प्रवाह मर्यादेबाहेर गेले, की थर अस्थिर होतो आणि मिलिसेकंदाहूनही कमी वेळात साठलेल्या ऊर्जेचा काही टक्के भाग बाहेर फेकला जातो. तो मुख्यतः डायव्हर्टरच्या, म्हणजे निसटलेले कण व उष्णता झेलणाऱ्या भागाच्या, फरशांवर आदळतो. आजची यंत्रे हे सोसतात. परंतु फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या इटर या महाकाय आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या आकारमानात असे मोठे झटके वारंवार बसले, तर टंगस्टनचा पृष्ठभागसुद्धा वितळू शकतो. म्हणून मूळ कारणाला ‘अस्थिरता’ आणि प्रत्यक्ष घटनेला ‘उद्रेक’ म्हणावे. मथळ्यात उद्रेकच हवा.

(जाता जाता : आपल्या विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. बंद क्षेत्ररेषा जेथे संपतात आणि डायव्हर्टरकडे जाणाऱ्या मोकळ्या रेषा जेथे सुरू होतात, त्या सीमेला हा शब्द फार छान बसला असता. पण पुण्याच्या वाचकाला तळटीप द्यावी लागेल.)

दुसरे उत्तर :
‘अनुस्पंदी’विषयी माझी हरकत जरा मूलभूत आहे. अनुस्पंदन म्हटले, की विद्यार्थ्यापुढे कंपन पावणारा नादकाटा येतो आणि वारंवारता जुळण्याची गोष्ट आठवते. येथे लावलेले क्षेत्र बहुतेक प्रयोगांत स्थिरच असते; जुळतो तो पीळ. टोकामॅकच्या वळ्याभोवती क्षेत्ररेषा पिळाने फिरतात, आणि काही पृष्ठभागांवर लांब वाटेने, समजा, ११ फेऱ्या होतात तेव्हा आखूड वाटेने नेमक्या ३ फेऱ्या होऊन रेषा स्वतःलाच येऊन मिळते. बाहेरच्या क्षेत्राचा नमुना त्याच पिळाचा असेल, तर तेथे चुंबकीय बेटे (क्षेत्ररेषांचे स्वतंत्र बंद पुंजके) उघडतात आणि काठाचा बंदोबस्त किंचित सैल होतो. हे क्षेत्र मुख्य क्षेत्राच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. सारा भर पीळ जुळण्यावर आहे. पीळ जुळला तरी काम होतेच असे नाही, कारण फिरणारा प्लाझ्मा स्वतःच्या प्रवाहांनी ते क्षेत्र बऱ्याच अंशी अडवतो. मी ‘पिळाशी जुळणारे क्षीण क्षेत्र’ असे लिहीन. शब्द चार होतात, हे खरे. फलकावर तेवढी जागा असते.

विचारणा :
सरांचे म्हणणे पटले. मग ‘क्षोभ’ ठेवावा की नाही? आणि ‘नियंत्रण’ चालेल ना?

तिसरे उत्तर :
ग्रहगणितात ‘क्षोभ’ लहानशी ढवळाढवळ या अर्थाने रुळला आहे, पण फलकासमोर उभ्या राहणाऱ्याला त्यात आधी लोकक्षोभ दिसेल. वरची शब्दयोजना घेतल्यावर त्याची गरजही उरत नाही.

‘नियंत्रण’ चूक नाही, मात्र ढोबळ आहे. प्रयोगांत दोन वेगळे परिणाम दिसतात आणि ते वेगळे सांगितले पाहिजेत. एकात उद्रेक होतच राहतात, पण लहान आणि वारंवार, हे शमन. दुसऱ्यात मोठे उद्रेक पूर्णपणे थांबतात आणि कण सतत झिरपत राहतात; हे दमन. इंग्लंडमधील मास्ट यंत्रावर शमन साधले. अमेरिकेत सॅन डिएगो येथील डीथ्री-डी यंत्रावर दमन साधले आणि ते २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे दक्षिण कोरियातील केस्टारवरही ते झाले. गार्चिंगच्याच ॲसडेक्स अपग्रेड यंत्रावर आधी शमनच मिळत होते. प्लाझ्माचा आकार डीथ्री-डीच्या प्लाझ्माशी जुळता केल्यावर दमन मिळाले.

नागपूरकरांना हा फरक अंबाझरी तलावावरून सांगता येईल. सांडव्यावरून पाणी सतत जात राहिले, तर तलावाची पातळी धोक्यापर्यंत चढत नाही. एकदम लोंढा आला की काय होते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये शहराने पाहिले आहे. दमनात हा सांडवा कायम उघडा असतो. त्याची किंमतही असते : कण निसटत राहिल्याने प्लाझ्माची घनता उतरते, आणि संलयनाला घनता हवी असते. फलकावर ही बाजू गाळू नये, नाहीतर एकदा कळ दाबली की प्रश्न सुटला, असा समज होईल.

मथळा ‘प्लाझ्माच्या काठावरील उद्रेकांचे शमन आणि दमन’ असा करावा. त्याखाली इटरच्या आराखड्यातील तपशील द्यावा : प्लाझ्माच्या निर्वात पात्राच्या आत, तीन ओळींत प्रत्येकी ९ अशी एकूण २७ वेटोळी. आकृती काढताना ती प्लाझ्माच्या बाहेरच्या बाजूला दाखवावीत. वळ्याच्या मधल्या खांबाजवळ नव्हे.