डायव्हिंगचा रेग्युलेटर घरी उघडणं म्हणजे जिवाशी खेळ? सविस्तर उत्तर

पाणकोंबडा: काल इथे एकाने ठोकून दिलं की रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारं यंत्र) घरी उघडणारा स्वतःच्या आणि बडीच्याही, म्हणजे सोबतच्या डायव्हरच्याही, जिवावर उठलेला असतो. डोकंच फिरलं. अहो, सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडात धरतो त्या भागाचा, व्हॉल्व्ह डाउनस्ट्रीम असतो; मागचा दाब वाढला की तो आपोआप उघडतो. सिलिंडरवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजची सीट (व्हॉल्व्ह मिटवणारी गादी) गेली की आयपी, म्हणजे दोन स्टेजमधला दाब, चढतो आणि फ्रीफ्लो होतो, म्हणजे हवा सतत वाहत राहते; हवा बंद होत नाही. बीसीडीच्या (तरंगण्याच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला दाबाचा गेज लावा, दोन-चारदा पर्ज करा, म्हणजे बटण दाबून हवा सोडा, आणि काटा बघा. साडेनऊ बारच्या आसपास येऊन थांबला तर ठीक. दहा मिनिटं वर सरकतच राहिला तर सीट गेली. एवढं ज्याला कळतं त्याला ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी रिंग) बदलता येणार नाही?

खडपावरचा: फ्रीफ्लोने १८ मीटरवर सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो, ते का नाही लिहिलंत? आणि उच्छ्वास बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दुमडून बसला तर श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात येतं. माझ्या मित्राने स्टीलच्या टोकदार हत्याराने ओ-रिंग उपसली. पितळेवर इतका बारीक चरा, की नखालाच लागायचा. नवी रिंग घालूनही बुडबुडे थांबेनात. शेवटी बॉडी भंगारात.

दांडीवाला: मुळात सर्व्हिस किटचं, म्हणजे बदलायच्या सुट्या भागांच्या संचाचं, बोला ना! बहुतेक कंपन्या किट फक्त डीलरला देतात. वस्तू माझी, पैसे माझे, आणि आतल्या दोन रबरी रिंगांवर माझा हक्क नाही? गेल्या पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असताना एका दुकानात सर्व्हिसला दिला. परत आल्यावर उघडला तर सीट जुनीच, तिच्यावर गोल खाच खोल उमटलेली. बिल मात्र पूर्ण किटचं!

खडपावरचा: एक दुकानदार लबाड निघाला म्हणून सगळ्यांनी पाना-पक्कड घेऊन बसायचं? कुठलं तरी किट मागवाल, साधं सिलिकॉन ग्रीस फासाल आणि उद्या त्यावरच ४० टक्क्यांवर ऑक्सिजन असलेलं नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) घ्याल. आग लागते त्याने, आग!

दांडीवाला: ऑक्सिजनला चालणारं ग्रीस विकत मिळतं. किट मिळत नाही. विषय बदलू नका.

पाणकोंबडा: दरवर्षी सर्व्हिस हवीच, हेही ऐकवून झालंय. काही कंपन्यांनीच आता दोन वर्षं किंवा १०० डाइव्ह अशी मुदत दिली आहे, मध्ये फक्त तपासणी.

सागरिका: भांडताय कसले? डस्ट कॅप (हवा आत घेणाऱ्या तोंडाचं झाकण) न लावता फर्स्ट स्टेज बादलीत बुडवणारे आणि धुताना पाण्यात पर्ज बटण दाबणारे तारकर्लीला बोटीबोटीवर दिसतात. त्याने पाणी थेट आत जातं आणि पितळ हिरवं पडतं. आधी धुवायला शिका.

खडपावरचा: हे मात्र सोळा आणे खरं. आणि गेजचंही मान्य, प्रत्येकाकडे हवा. पण काटा सरकला तर रेग्युलेटर दुकानातच जाईल.

दांडीवाला: न्या की. फक्त काढलेली जुनी सीट मागून घ्या. देत नसतील तर कळेलच.