घाटात जागा कोणी कोणाला द्यायची? (आणि कार्बवरून, म्हणजे कार्ब्युरेटरवरून, पेटलेला वाद)

चारचाकी_कराड
इथे एकाने ठासून लिहिलंय: 'घाटात बाईकला जागा देणं गाडीवाल्याचं काम. बाईकला पिकअप असतो, ती सुटकन निघून जाते.' साफ चूक. कुंभार्ली घाटात डाव्या वळणावर एसटीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, ते आत कापत येतं. चाक आणि कठडा यांच्यामधली जी फट बाईकवाल्याला 'जागा' वाटते, ती वळणाच्या मध्यावर हातभरही उरत नाही. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो, त्याला तिथलं काही दिसत नाही. आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. डावीकडून घुसणं बंद करा, मग जागेचं बोला.

घाटवाट
डावीकडून घुसू नये, मान्य. पण बाईक डावीकडे ढकलतं कोण? कारवाले ओव्हरटेक करतात आणि मागचा बंपर बाईकच्या हँडलपुढे जातो न जातो तोच डावीकडे येतात. पावसाळ्यानंतर साईडपट्टी डांबरापेक्षा चार-चार बोटं खाली गेलेली असते. तिथे पुढचं चाक उतरलं की परत वर चढवताना गाडी आडवी होते. कारने पूर्ण लेन बदलून पुढे जावं आणि आतल्या आरशात अख्खी बाईक दिसल्यावरच डावीकडे यावं. आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, हा नियम उतरणाऱ्या गाड्यांना कोणी शिकवलाच नाही का?

जेट_नीडल
दोघांनीही 'पिकअप असतो' हे गृहीत धरलंय. कार्बवाल्या (कार्ब म्हणजे इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) निम्म्या बाईक चढणीला अर्ध्या रेसवर गचका खातात. ट्रकच्या बरोबरीने आल्यावर गाडी अडखळली, तर समोरच्या गाडीचं आणि मागच्याचंही गणित चुकतं. ओव्हरटेकची शिस्त कार्बपासून सुरू होते.
आधी एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट) बघा. मग गाडी दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करा. मिक्श्चर स्क्रू (कार्बवरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि आटे मोजून ठेवा. आवळू नका, टोक खराब होतं. दीड आटा बाहेर काढा, तिथून पाव-पाव आटा फिरवत आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) सर्वांत वर जाईल ती जागा पकडा, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा. झटक्यात रेस देऊन सोडा. आरपीएम वर लटकून हळूहळू उतरले तर पेट्रोल कमी पडतंय. आयडलच्या खाली जाऊन परत सावरले तर जास्त आहे.

दोनस्ट्रोक
अर्धवट माहिती देऊन लोकांची इंजिनं घालवू नका! तो स्क्रू आयडल ते पाव रेसपर्यंतच काम करतो. तुम्ही सांगताय तो गचका अर्ध्या रेसचा आहे, तिथे नीडल, म्हणजे कार्बमधली पेट्रोल सोडणारी सुई, बघायची. नीडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर आणि पेट्रोल जास्त. पाऊण रेसच्या पुढे मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक). शिवाय स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते सांगितलंच नाही. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की कमी होतं. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकवाल्याने उलटा फिरवला तर पेट्रोल कमी पडून पिस्टन जॅम.

जेट_नीडल
स्क्रूच्या बाजूचं राहिलं, चूक माझी. नीडलचंही बरोबर. पण नीडलला हात लावण्याआधी मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं, रबर बघा. इंजिन चालू ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय, आणि ते रबर बदलेपर्यंत कुठलंच ट्यूनिंग टिकणार नाही.

पितळी_जेट
जेट साफ करताना त्यात तार घालणारे आधी थांबवा! जेट पितळेचं असतं, भोक केसभर मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. क्लीनर आणि हवेचा दाब, बस. आता ई२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) उलटा त्रास आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९च. त्याच जेटमधून ई२० गेलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ इंजेक्शनवाल्या गाड्या बऱ्याच अंशी सावरून घेतात, कार्बला ते जमत नाही. प्लग बघा: कॉफीसारखा तपकिरी बरा, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळी काजळी असेल तर जास्त.

चारचाकी_कराड
विषय रस्त्याचा होता, तो तुम्ही गॅरेजात नेलात. तरी एक कबूल करतो, बाईक मध्येच अडखळते तेव्हा ती मुद्दाम आडवी येतेय असंच कारमधून वाटतं. पण कार्ब बिघडलेला माहीत असताना वळणावर ओव्हरटेकला निघणं हा गुन्हाच.

घाटवाट
यावर वाद नाही. आणि आरशात अख्खी बाईक दिसेपर्यंत डावीकडे न येणं, ते तुम्हीही पाळा.

दोनस्ट्रोक
उतरणीचं कोणीच बोललं नाही. ऑइल पंपवाली टू-स्ट्रोक रेस बंद ठेवून लांबवर गिअरवर सोडू नका. पंप रेसबरोबर ऑइल देतो, चाक मात्र इंजिन फिरवतच राहतं, म्हणून ऑइल कमी पडतं. थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून हलकी रेस द्या. मागच्या गाडीने तेवढं अंतर ठेवावं.