मदत हवी आहे: गोव्यात लग्नाआधीच्या मालमत्ता करारासाठी मध्यस्थ

आम्ही दोघंही गोव्याचे, लग्न डिसेंबरात. इथल्या कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. होणाऱ्या नवऱ्यावर धंद्याचं कर्ज आहे, माझ्या नावावर आजीचं घर. आमच्यात वाद नाही, पण दोघांच्या वकिलांनी केलेला मसुदा भांडणाच्या तयारीसारखा वाटला. घरच्यांसोबत बसलो तर विषय मानापमानावर गेला. म्हणून प्रशिक्षित मध्यस्थ हवा. खटला नाही, त्यामुळे कोर्टातली मध्यस्थी नको. मडगाव-पणजीत कुणी असं केलंय का? मध्यस्थासमोर ठरलेल्या अटी सब-रजिस्ट्रारकडच्या करारपत्रात तशाच घालता येतात, की आधी दोघांनी आपापल्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात?