सेफ्टी बुटांना तेल की मेणाचं ग्रीस?

साइटवरचा: जून तोंडावर आलाय. मेट्रोच्या कामावर बरेच जण चामडी बुटांना खोबरेल चोपडतात. माझं स्पष्ट मत, मुंबईत हे बंद करा. तेल जास्त मुरलं की चामडं ढिलं पडतं, टाचेची पकड जाते, आणि या दमट हवेत बूट चार दिवस कपाटात राहिला की बुरशी धरतो. मधमाशीच्या मेणाचं ग्रीस घ्या. शिवणीची भोकं बुजतात, पाणी आत शिरत नाही. मेण वितळायला ६० अंशांच्या वर तापमान लागतं, उन्हातल्या स्लॅबवरही टिकतं.

माझगावचा फिटर: अहो, डब्यातलं ग्रीस म्हणजे नुसतं मेण नव्हे. त्यात तेल असतं, ते त्याच्या बरंच आधी मऊ होतं. आणि गोदीत बूट मारतं ते मीठ. खारं पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात, चामडं कडक होतं, चवड्यापाशी जिथे बूट दुमडतो तिथेच तडा जातो. त्यावर मेण थापलंत तर मीठ आत कोंडतं. ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, मग नीट्सफूट तेलाचा पातळ हात द्या. गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात ते. खोबरेलाला माझाही विरोधच आहे, ते खवट होतं.

साइटवरचा: मीठ काढायचं ते पटलं, दादा. पण आमच्याकडे बूट दिवसभर चिखलात असतो. नुसत्या तेलाने पाणी अडत नाही.

धारावीचं चर्मकाम: आधी चामडं कोणतं ते बघा ना! स्वस्त सेफ्टी बुटात बहुतेक वेळा स्प्लिट चामडं, म्हणजे कातड्याचा चिरून काढलेला आतला थर असतं, वर पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्लास्टिक) लेप. त्यात तेल मुरत नाही, ग्रीसही नाही, पैसे वाया. नव्या बुटावर पाण्याचा थेंब टाका. डाग गडद झाला तर चामडं पितंय, तसाच ओघळला तर फक्त पुसत जा. नुबकला, म्हणजे वरून घासून मखमली केलेल्या चामड्याला, ग्रीस लावाल तर लव कायमची बसेल. आणि कोल्हापुरीला तेल चालतं म्हणून बुटालाही चालेल, हे तर डोक्यातून काढाच. ती बाभूळ-हिरड्यात कमावलेली, बुटाचं चामडं बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. शिवाय पीयूचा सोल दमटपणाने आतून भुगा होतो, त्याला कुठलाच डबा वाचवत नाही.

माझगावचा फिटर: थेंबाची परीक्षा उत्तम. तरी चामडं पिणारं असेल तर दुमडीवर तेलच हवं. शिवणीवर मेण लावायला माझी हरकत नाही, अख्ख्या बुटाला फासायला आहे.

साइटवरचा: चिखलात उभं राहणाऱ्याने अख्ख्या बुटालाच लावावं. पातळ थर, तोही बूट पूर्ण वाळल्यावर.